डोळे तपासायला धुळ्याला

इंदाक्काचे डोळे ठणठणीत होते. सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची. समोरच्या ओट्यावर कोण बसलंय आणि त्याचं तोंड आज का उतरलंय, हे आपल्या उंबऱ्यात बसून सांगायची. तरी पारोळ्याच्या आमच्या गल्लीत वर्षभर सगळे म्हणत होते की बिचारीचे डोळे बिघडलेत, धुळ्याला इलाज चालू आहे. तिच्या लेकीनं धुळ्याच्या बसस्टँडवर तिला काळा गॉगल घेऊन दिला होता. तो घालून अक्का दळण घेऊन गिरणीवर जायची. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, काखेत डबा आणि डोळ्यांवर मोटरसायकलवाल्या पोरांचा गॉगल. गिरणीतली पोरं फिदीफिदी हसायची. अक्का गॉगल नाकावर ओढून वरून त्यांच्याकडे बघायची.

"काय हसतस रे? तुमनी माय बी घाली हाऊ एक दिन."

त्या गॉगलचा मला आजही राग येतो. अक्काचा नाही, गॉगलचा. आणि तो ज्यांच्यामुळे घालावा लागला त्या सगळ्यांचा.

मी तेव्हा तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे. आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. आमचं हत्यार म्हणजे पत्रक. मधुमेहाचं पत्रक गुलाबी, मनाच्या आजाराचं पिवळं. पिवळं घ्यायला लोक हात पुढे करत नाहीत, म्हणून ते गुलाबीच्या खाली लपवून द्यायचं. अक्का दोन्ही घ्यायची, उलटसुलट बघायची आणि पापडाच्या डब्यात तळाला घालायची. मला नावानं तिनं कधी हाक मारली नाही. "ये वं पत्रकवाली," एवढंच. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, अक्का, हे वाचायला दिलंय. ती म्हणाली, "पापड वाचतस ना. तेसले बी मधुमेह नको व्हवाले."

गल्लीत तिची ओळख मांड्यांची. खापरावरची पुरणपोळी म्हणजे मांडा, आणि तो सगळ्यांना जमत नाही. कणकेचा पुरण भरलेला गोळा पोळपाटावर जरासा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत वाढवायचा, इतका की तो मनगटांवरून कोपरापर्यंत उतरतो आणि आतलं पुरण उजेडाला दिसतं. मग चुलीवर उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोक्यात टाकायचा. हात चुकला की पोळी फाटते, नाहीतर हात भाजतो. अक्काच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते, जुने पांढरे आणि नवे तांबडे. गल्लीत लग्न असो, बारसं असो, नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असोत, आदल्या दिवशी बायका तिच्या दारात यायच्या. हळदीकुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, उद्या चूल पेटवायची आहे." तिच्याशिवाय चूल पेटवणं बरोबर दिसायचं नाही.

आणि तिचा एक हट्ट होता. पहिला मांडा टाकायच्या आधी पुरण ती स्वतः चाखणार. सुपारीएवढा गोळा जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. मागच्या बायका हातात पीठ घेऊन थांबून राहायच्या. कुणी घाई केली तर म्हणायची, "जीभ हा म्हनस नही तवलोंग मी खापराले हात लावस नही." मग डोळे उघडून निकाल द्यायची. बहुतेक वेळा काहीतरी कमीजास्त असायचंच. सगळं बरोबर निघालं तर तिला करमायचं नाही असं मला वाटतं.

तिची साखर सापडली ती एका चटक्यामुळे. हातावरचा चटका महिना झाला तरी भरेना. तिचा मुलगा विजय गावातच खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. तो तिला जळगावला साखरेच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या आणि गोड बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच होतं. पण पुढं घरानं आणि गल्लीनं जे केलं ते कुठल्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

मांडे करायला तिला बोलवत राहिले. चाखायला मात्र समोरच्या सुमनकाकूंना पुढे करायला लागले. "अक्का, तुम्ही नका बरं. काकू सांगतील चव." दुसऱ्याच्या जिभेवर मांडे. गोळा झुलवता झुलवता अक्काचा हात मध्येच थांबायचा. जेवायच्या वेळी पंगतीच्या टोकाला तिचं ताट वेगळं मांडलेलं. "अक्का, तुमच्यासाठी खास कळण्याची भाकरी काढून ठेवलीये." प्रेमानंच बोलायच्या सगळ्या. इतक्या प्रेमानं की आपल्याला पंगतीतून उठवलंय हे म्हणायचीही सोय राहिली नाही. मग ती मांडे झाले की जेवायला न थांबता घरी यायला लागली. मग मांडे करायला जाणंच टाळायला लागली. गुडघा दुखतो म्हणे.

एक दिवस दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. वेणी घातलेली नाही. शेजारी ताट झाकलेलं, तसंच.

"अक्का, जेवला नाहीत?"

"भूकच नही लागस वं. बठ्ठं मातीसारखं लागस."

मी म्हटलं, पत्रकात लिहिलंय, वेळेवर खायला पाहिजे. एरवी यावर तिनं मला पापडाच्या डब्यात घातलं असतं. त्या दिवशी तिनं नुसता पदर तोंडावर ओढून घेतला. तेव्हा मी घाबरले.

मधल्या काळात विजय तिला जळगावला तपासणीला घेऊन गेला. साखर एकदम छान आली. येणारच. पोटात अन्नच जात नव्हतं. वजन उतरलं होतं, त्याचंही कौतुक झालं. त्या दवाखान्यात वेळ वाचावा म्हणून डॉक्टरांच्या खोलीत चार-पाच पेशंट एकदम स्टुलांवर बसवतात. त्या सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाले, "या मावशींकडे बघा. या वयात किती मनावर घेतलंय. असा पेशंट पाहिजे." विजय मला हे सांगताना खूश होता. मी विचारलं, "आणि अक्का काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "ती कुठं काय बोलते हल्ली."

एक बाई हळूहळू विझतेय आणि तिचा कागद सुधारतोय. कागदाला टाळ्या, बाईकडे बघायला कुणी मोकळं नाही. वरून सकाळची साखरेची गोळी न चुकता चालू. उपाशी पोटी गोळी, मग अकराच्या सुमाराला तिला दरदरून घाम सुटायचा आणि हात थरथरायचे. घरचे म्हणायचे, टेन्शन घेते. आमच्याकडे टेन्शन ही भारी सोयीची गोष्ट आहे. ते घेणाऱ्याचीच चूक असते.

रेखा, तिची लेक, धुळ्याला दिलेली. ती चार दिवसांसाठी आली आणि आईचं तोंड बघून बॅग उघडायच्या आधीच मला म्हणाली, "ताई, ही माझी आई नाहीये. हिला मनाच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे." मी म्हटलं जळगावला आहेत चांगले. ती म्हणाली, "जळगावला? साखरेच्या नाहीतर हाडांच्या दवाखान्यात निम्मं पारोळं बसलेलं असतं. आम्ही घरी पोचायच्या आधी गल्लीत कळेल." आपल्याकडे मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर जिल्हा बदलायचा. जळगाववाले धुळ्याला येतात, धुळ्याचे जळगावला जातात. बसमध्ये एकमेकांना ओलांडत असतील. आमच्या गावाला दोन्हीकडे सरळ रस्ता, त्यामुळे अक्काचं दुखणं दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं. साखर जळगावला, मन धुळ्याला. आणि गल्लीला सांगायला डोळे.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, साखर वगैरे आहे का? रेखा म्हणाली, आहे, पण एकदम कंट्रोलमध्ये, रिपोर्ट चांगले आहेत. ती खोटं बोलली नव्हती. जळगावला मात्र धुळ्याचा शब्द काढायचा नाही, असं भावाबहिणीचं ठरलं. गॉगल त्याच दिवशी घेतला.

गोळ्यांनी गुण यायला काही आठवडे गेले. मग एका दुपारी मी स्वयंपाक करत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"ए पत्रकवाली, तुना कांदा जयना."

मी धावत जाऊन कढई उतरवली. कांदा खरंच करपला होता. तिला वास आला होता. मी दारात गेले तर ती उठून बसलेली, वेणी घालत होती. म्हणाली, "माले भाकर दे. ठेचा शे का?" मी दिलं. तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि मग माझ्या ठेच्याला नावं ठेवली. इतकं बरं वाटलं मला.

भूक आली ती आलीच. त्या गोळीचा तसा स्वभाव असतो, काहींना ती फार खायला लावते. अक्का रात्री उठून डबे उघडायला लागली. चोळीच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या. पण ती हसायची, गिरणीवर गॉगल घालून जायची, गल्लीतल्या भांडणात निकाल द्यायची. त्या आखाजीला सुमनकाकूंनी बोलावलं तेव्हा ती गेली आणि मांडे केले. चाखलं काकूंनीच, पण हात मध्ये थांबला नाही.

आणि मग जळगावची तपासणी. साखर चढलेली, वजन वाढलेलं. तेच डॉक्टर, तीच खोली, स्टुलांवर तीच माणसं म्हणायला हरकत नाही. "मावशी, चोरून गोड खाता ना? मागच्या वेळी मी तुमचं नाव घेऊन दुसऱ्यांना सांगितलं होतं." अक्का एवढंच म्हणाली असती की मी दुसऱ्या गोळ्या घेते, तर विषय संपला असता. पण ते म्हणायचं नव्हतं. तिनं चोरीचा आळ घेतला आणि घरी आली.

विजयला मात्र हिशोब कळला. धुळ्याच्या गोळ्यांनीच वजन वाढलं. त्यानं त्या त्याच दिवशी बंद केल्या. एकदम, कुणाला न विचारता. पंधरवड्यात अक्का परत भिंतीकडे वळली. या वेळी झोपही गेली. रात्रभर तिच्या बांगड्यांचा आवाज मला भिंतीतून यायचा, कूस बदलल्याचा.

मी विजयला दुकानात गाठलं. सभ्यपणे बोलायचं ठरवून गेले होते.

"गोळ्या का बंद केल्या?"

"मग काय पाय कापू देऊ तिचा? तुमच्याच पत्रकात आहे ना, साखर वाढली की पाय जातो?"

"अशा गोळ्या एकदम बंद करत नाहीत, भाऊ. डॉक्टरला विचारायचं."

"कोणत्या? जळगावच्याला धुळ्याचं सांगायचं नाही आणि धुळ्याच्याला काय सांगू, तुमच्या गोळीनं माय खायला लागली?"

"जळगावच्याला सांगायचं. सरळ. त्यात काय आहे?"

विजयनं हातातलं पोतं खाली ठेवलं. "ताई, तुम्ही पत्रकं वाटता आणि उद्या दुसऱ्या गावाला जाता. आम्हाला इथंच राहायचंय. आईचं सगळं त्या चुलीवर आहे. बायका दारात येतात, कुंकू लावतात, अक्का चला म्हणतात. डोक्याची गोळी खाणाऱ्या बाईला शुभकार्यात पुरणाला हात लावू देतील? तुम्हीच सांगा."

"अक्का वेडी नाहीये."

"हे मला नका सांगू. गल्लीला सांगा."

मी गल्लीला सांगायला तयार होते, भोंगा घेऊन सांगितलं असतं. पण गल्लीत राहायचं अक्काला होतं, मला नाही. हे त्याचं बरोबर होतं आणि म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

त्यानं घरी जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही. पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी अक्का गॉगल घालून माझ्या दारात उभी. तोंड ओढलेलं, पण लुगडं नीट नेसलेलं.

"चाल. तुना संगे जासू जयगावले. इज्याले नही सांगेल."

दवाखान्यात बाकावर सुमनकाकू बसलेल्या. त्यांनाही नुकतीच साखर निघालेली, नेमका तोच दिवस. मी अक्काच्या कानात म्हटलं, आपण उद्या येऊ. ती म्हणाली, "उद्या दुसरी कोनी बसेल राही."

नंबर आला तेव्हा खोलीत पाच जण होते, सुमनकाकू धरून. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "मावशी, तीन महिन्यांची साखर अजून वरच आहे. काय करायचं तुमचं?"

अक्कानं गॉगल काढला. त्याच्या काड्या नीट घडी केल्या आणि तो टेबलावर ठेवला.

"साहेब, मना डोया चांगला शेत. मी धुयाले मननी डाक्टरीनकडे जास. जीव लागत नव्हता, काहीच नको वाटे. तिनी गोया दिन्यात, मंग भूक लागनी. मी गोड नही खादं. चोरी नही करी मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलं?"

मला राहवलं नाही. "तुम्ही विचारलं होतं का, सर? पाय विचारता, डोळे विचारता. झोप लागते का, जेवण जातं का, हे कुणी विचारलं? उपाशी राहून साखर उतरली तेव्हा तुम्ही त्यांचं कौतुक केलंत."

"तुम्ही कोण?"

अक्का म्हणाली, "ती पत्रकं वाटस. बोलू द्या तिले, नही ते पोट दुखई तिनं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद बाजूला सारला आणि अक्काकडे बघितलं. मग तिच्याकडून धुळ्याचा नंबर घेऊन त्यांनी तिथेच फोन लावला. पहिलं वाक्य मला आठवतं. "मॅडम, आपला एकच पेशंट आहे, आणि आपल्याला ते आजपर्यंत माहीत नव्हतं."

नंतरचं सगळं अगदी साधं होतं, इतकं साधं की डोकं आपटून घ्यावं. मनाची गोळी पुन्हा सुरू करायची, पण कमी भूक वाढवणारी दुसरी, आणि हळूहळू. साखरेची गोळी बदलायची आणि खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही. रोज चालायचं, कारण चालण्यानं साखरही उतरते आणि मनही सुधारतं. दोघा डॉक्टरांनी एकमेकांना कळवत राहायचं. उठता उठता अक्कानं विचारलं, "आखाजीले पुरन चाखू का?"

"चाखा की. चमचाभर. ताटभर नको."

"मंग इतला दिन मना तोंडले कुलूप काबर लावनं व्हतं?"

गॉगल टेबलावरच राहिला. मी घ्यायला वळले तर म्हणाली, "राहू दे. डाक्टरले लागी."

परतीच्या बसमध्ये सुमनकाकू आमच्या पुढे दोन सीट सोडून बसल्या होत्या. पारोळं येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.

पुढच्या महिन्यांत अक्का सुधारली. पहाटे धुळे रोडनं चालायला जायची. चोळीच्या बाह्या सैल झाल्या. दोन्हीकडचे रिपोर्ट चांगले, आणि या वेळी रिपोर्टसोबत माणूसही चांगलं. आमच्या गटानं गुलाबी आणि पिवळं मिळून एकच पत्रक छापलं. तिला दाखवलं तर म्हणाली, "आते पापडले कागद कमी पडतीन."

पण गल्ली नम्र झाली. आधी जिच्याशी भांडायच्या तिच्याशी बायका हळू आवाजात बोलायला लागल्या. एक लग्न झालं, मग एक बारसं. कुणी दारात आलं नाही. विचारलं तर उत्तर तयार असायचं. अक्कांना धूर सोसणार नाही, आराम करू द्या त्यांना. सुमनकाकूंनी चूल सांभाळायला घेतली. त्यांचे मांडे जाड व्हायचे, पण कुणी नावं ठेवली नाहीत. चव पारखून निकाल देणारी बाई आता तिथं नव्हती.

पुढं विजयनं सुरतेला नोकरी धरली आणि अक्का रेखाकडे धुळ्याला राहायला गेली, असं मला नंदुरबारकडं काम करताना कळलं. गोळ्या वेळेवर घेते म्हणाली रेखा. मांडे? फ्लॅटमध्ये चूल कुठली, ताई.

मला ती शेवटची दिसली ती त्याआधीच्या आखाजीला, मी पारोळं सोडलं त्या दिवशी. मी सामान बांधत होते. गल्लीत झोके बांधलेले, लेकी आलेल्या, सुमनकाकूंच्या अंगणात चूल पेटलेली. तिकडचं हसणं भिंतींवरून इकडे येत होतं. तेवढ्यात हाक आली, "ये वं पत्रकवाली."

मागच्या अंगणात अक्कानं एकटीनंच चूल पेटवली होती. कपाशीच्या पऱ्हाट्या तडतडत होत्या, वर खापर तापलेलं. विजय आणि सून, सुनेच्या माहेरी गेलेले. पुरणाचं पातेलं मोठं, लग्नाला काढतात ते. तिनं सुपारीएवढा गोळा घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी थांबले. आता थांबायला मीच होते.

"जायफय जास्ती व्हयनं," ती म्हणाली. चेहऱ्यावर किती समाधान.

मग गोळा हातांवर चढला, झुलला, कोपरापर्यंत उतरला. उन्हात आतलं पुरण दिसलं. एका झोक्यात खापरावर. मांडा कुठं फाटला नाही. भाजल्यावर तिनं त्याची रुमालासारखी घडी घातली. एक तुकडा स्वतःच्या ताटलीत घेतला, डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. मला मोठा दिला, वर दूध ओतलं. उरलेला झाकून ठेवला.

मी पातेल्याकडे बघून विचारलं, "अक्का, एवढं पुरण कुणासाठी?"

"हातले सवय शे. कमी करता येत नही."

खाऊन मी निघाले, बसची वेळ झाली होती. अंगणाचं गल्लीकडचं दार ओढून घ्यायला लागले तर मागून म्हणाली, "उघडं राहू दे."

मी वळून पाहिलं. दुसरा मांडा तिच्या दोन्ही हातांवर पसरला होता, टाकायच्या बेतातला. ती तशीच थांबली होती, तोंड उघड्या दाराकडे. खापर तापत होतं.